शिऊरच्या बहिणाईस

ती. बहिणाईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मायन्यात तीर्थरूप लिहिलं, तरी पुढे तुला 'तू'च म्हणणार आहे. विठोबाला अरे-तुरे करणाऱ्या माणसांची ही रीत, आणि तुला अहो-जाहो केलं तर तुलाच ते परक्यासारखं वाटेल. शिवाय तू आम्हाला घरातलं सगळं सांगून ठेवलं आहेस, नवऱ्याने मारलं तेसुद्धा. एवढं सांगणाऱ्या बाईशी दारात उभं राहून काय बोलायचं?

तुझी एक रचना आज घरोघर म्हटली जाते. वारकरी पंथाची इमारत कशी उभी राहिली, पाया कोणाचा आणि कळस कोणाचा, ते सांगणारी. भजनी मंडळात ती असते, शाळेच्या स्नेहसंमेलनात असते, निवडणुकीच्या भाषणातही असते. पण हे कोणाचं, असं विचारलं की निम्मी माणसं बेधडक तुकोबांचं नाव घेतात. कळस आपणच, असं तुकोबा स्वतः कसे सांगतील, हे कोणाच्या मनात येत नाही. बहुतेकदा म्हणणारे कळसापर्यंत येऊन थांबतात. त्यानंतरची शेवटची ओळ, जिथे देवळावरची ध्वजा आणि तुझं नाव शेजारी शेजारी आहेत, ती टाळांच्या गजरात विरून जाते. मला याचा राग येतो. तुला आला नसता बहुधा.

वेरुळाजवळच्या देवगावात १६२८ साली तू जन्मलीस. वडील आऊजी गावचे कुलकर्णी, आई जानकी. मूल होईना म्हणून त्यांनी देवाधर्माचं बरंच केलं, तेव्हा तू झालीस. तू दोन वर्षांची असताना दख्खनमध्ये तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात तिकडे देहूला तुकोबांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. पाच वर्षांची होईतो शेजारचा दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला आणि आणखी तीन वर्षांनी निजामशाही बुडाली. हे सगळं मी इतिहासाच्या पुस्तकातून जोडते आहे, कारण तुझी गोष्ट घराच्या उंबऱ्याआतून सांगितलेली आहे. त्यात आईवडील आहेत, नवरा आहे, गाय आहे. राज्यं बुडत होती तेव्हा तुझं लग्न लागत होतं. तू तीन वर्षांची होतीस आणि नवरा तिशीचा, बिजवर, शिऊरचे पाठक. वेद शिकलेला, ज्योतिष जाणणारा, तापट माणूस.

मग भाऊबंदकी आली, कर्ज आलं, आणि कुलकर्ण्याच्या घराला रातोरात गाव सोडावं लागलं. त्या वेळी आईवडिलांना बाहेर काढायला तुझाच नवरा धावून आला होता, हे तू आवर्जून नोंदवलं आहेस. पुढे त्याने तुला काय केलं ते सांगायचं असतानाही त्याचं हे देणं तू बुडवलं नाहीस. नऊ-दहा वर्षांची तू, कोरान्न मागत हिंडणाऱ्या कुटुंबातली एक पोर. पंढरपूर झालं, शिखर शिंगणापूर झालं, रहिमतपुरात काही काळ बिऱ्हाड पडलं, आणि शेवटी कोल्हापूर. गोदावरीच्या खोऱ्यातून पंचगंगेच्या काठापर्यंत. ज्या वयात आमच्या मुली पाचवी-सहावीची गणितं सोडवतात त्या वयात तू अर्धा मुलूख पायी पाहिलास, आणि वाटेत भेटलेल्या पंढरपूरने तुला धरलं ते कायमचं.

आता मला त्या वासराबद्दल बोलायचं आहे. तुझ्याबद्दल काहीही सांगायला बसलं की मी तिथे अडकते.

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या वेदशास्त्री ब्राह्मणाच्या घरी तुम्ही राहत होता. त्यांना कोणीतरी कपिला गाय वासरासह दान दिली, आणि त्यांना स्वप्नात आज्ञा झाली म्हणून त्यांनी ती तुझ्या नवऱ्याच्या हवाली केली. काळं वासरू. तू अकरा वर्षांची. त्या वासराला तुझा लळा लागला. तू दिलंस तर चारा खायचं, तू पाजलंस तर पाणी प्यायचं, तू पाण्याला निघालीस की मागोमाग यायचं, रात्री तुझ्याजवळ झोपायचं. जयरामस्वामी वडगावकर तेव्हा गावात कीर्तन करत होते. तू ऐकायला गेलीस की वासरूही जायचं. एकदा गर्दी फार झाली म्हणून लोकांनी त्याला बाहेर काढलं, तर ते हंबरडा फोडू लागलं आणि इकडे तू रडू लागलीस. जयरामस्वामींना कळलं. त्यांनी वासराला आत आणवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तुझ्याही डोक्यावरून फिरवला.

तेवढाच तो हात. गावात कुजबुज सुरू झाली आणि कोणीतरी ती तुझ्या नवऱ्याच्या कानावर घातली. त्याने वेणी धरून तुला ओढलं, मारलं, बांधून घातलं. आपण वेदपाठी माणसं, आपल्याला त्या कीर्तनाशी काय करायचं, हा त्याचा सवाल. अकरा वर्षांची मुलगी, आणि माहेरची माणसं तिथेच, त्याच बिऱ्हाडात. गायीने आणि वासराने चारापाणी सोडलं. पुढे ते वासरू गेलं. मरताना त्याने संस्कृत श्लोकाचा अर्धा भाग पुरा केला, असं तू सांगतेस. त्याला भजनाच्या गजरात नेऊन पुरलं आणि तू बेशुद्ध पडलीस ती कित्येक दिवस उठली नाहीस.

वासरू श्लोक बोललं का, यावर मी तुझ्याशी वाद घालणार नाही. विद्वान लोक घालतात, घालू देत. मला थक्क करतं ते दुसरंच. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका बाईने मार खाल्ल्याची गोष्ट सांगताना मार सांगितला, मारामागचं कारण सांगितलं, मारणाऱ्याचं म्हणणंही त्याच्या तोंडून मांडलं, आणि त्यातही वासराला पाणी कोणी पाजायचं हे विसरली नाही. आपल्याकडे संतांची चरित्रं पुष्कळ आहेत. ती दुसऱ्यांनी, बहुधा मागाहून, हात जोडून लिहिलेली. स्वतःचं आयुष्य स्वतः सांगणाऱ्या मराठी बायका शोधायला गेलं तर रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे त्यानंतरची. त्यांच्याआधी दोनशे वर्षं तू हे करून बसलीस, आणि तेही अभंगात, म्हणजे चारचौघांत म्हटलं जाईल अशा रूपात. नवऱ्याचा मार तू टाळ-मृदंगाच्या स्वाधीन केलास, बाई.

त्या बेशुद्धीनंतर तुला तुकोबा दिसले. प्रत्यक्ष भेट नाही, ओळख नाही. जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांची पदं कानावर पडलेली, एवढाच धागा. देहूचा एक कुणबी वाणी इंद्रायणीच्या काठी काही म्हणतो, ते त्याच्या हयातीतच कोल्हापूरच्या एका अंगणात पोहोचतं आणि एका लहान मुलीचा जीव व्यापून टाकतं, तेही छापखान्याशिवाय, हे मला वासराच्या श्लोकापेक्षा मोठं नवल वाटतं. स्वप्नात तुकोबांनी तुला मंत्र दिला. तू तिथी नोंदवलीस: कार्तिक वद्य पंचमी, रविवार. कुलकर्ण्याची लेक शोभतेस. स्वप्नाचीही दप्तरी नोंद!

यानंतर घरात जे झालं ते समजायला आजच्या बाईला फार कष्ट पडत नाहीत. लोक तुला बघायला येऊ लागले, पाया पडू लागले. नवरा घरातला शिकलेला, मान त्याला मिळायचा. आता त्याला कोणी विचारीना. ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू शूद्र, ही बोच होतीच. त्याने ठरवलं की आपण निघून जावं, संन्यास घ्यावा. तू तीन महिन्यांची गरोदर होतीस.

आणि इथे तू जे म्हटलं आहेस ते वाचून कोणत्याही भाविकाचा थरकाप व्हावा. विठ्ठल दगडाचा, तुका स्वप्नातला. त्यांच्यापायी समोरचं, हातातलं सुख कशाला घालवायचं, असा हिशेब तू मांडलास. नवऱ्याची सेवा हाच देव, असं ठरवलंस. श्रद्धाळू बाईच्या तोंडून विठोबाला दगड म्हणवून घेण्याची हिंमत कोणा नास्तिकाला झाली नसती. तू ती ओळ नंतर खोडलीही नाहीस. पुढे नवऱ्याने तापाने अंथरूण धरलं, तू उशाशी बसून त्याचं सगळं केलंस, त्याला पश्चात्ताप झाला, आणि बरा होऊन तोच म्हणाला की देहूला जाऊ. गोष्ट सुखाकडे वळली, आता मागची शंका झाकून टाकायला हरकत नव्हती. आमच्यातल्या कोणी तसंच केलं असतं. तुझ्या गाथेत शंका जिथे होती तिथेच आहे.

तसाच तुझा तो दुसरा अभंग. वेद आणि पुराणं ओरडून सांगतात की बाईच्या हातून कल्याण होत नाही. मग बाईचा देह घेऊन आलेल्या मी परमार्थ कसा साधायचा? तू वेदांशी भांडत नाहीस, त्यांना खोटंही म्हणत नाहीस. फक्त विचारतेस. मला पूर्वी वाटायचं की इथे तू जरा आवाज चढवायला हवा होता. आता तसं वाटत नाही. ज्या घरात वेद म्हटले जातात आणि घरातल्या बाईच्या कानावर ते पडू नयेत म्हणून खबरदारी घेतली जाते, त्या घरात हा प्रश्न सरळ विचारणं हेच पुष्कळ होतं. आणि दुसऱ्या बाजूने तू गप्प बसलीही नाहीस. वज्रसूची नावाचं जुनं संस्कृत प्रकरण तू मराठी अभंगांत आणलंस. ब्राह्मण म्हणजे कोण? देह म्हणावा, तर तो सगळ्यांचा सारखा. जात म्हणावी, तर कित्येक ऋषींचा जन्म भलत्याच ठिकाणी. कर्म, पांडित्य, दानधर्म, एकेक घेऊन बाजूला सारायचं, आणि ज्याने ब्रह्म ओळखलं तोच ब्राह्मण, इथे येऊन थांबायचं. पाठकांच्या चुलीसमोर बसणाऱ्या बाईने हे लिहिलं! तुकोबांना गुरू का केलं याचा जबाब तुला कोणी मागितला होता, तो तू शास्त्राच्याच भाषेत दिलास.

जबाब मागणारे देहूत भेटलेच. मंबाजी गोसाव्याला वाटलं, ब्राह्मण बिऱ्हाड आलं आहे तर आपल्याकडून उपदेश घेईल. तुम्ही सांगितलं की गुरू झालेला आहे आणि तो तुकोबा. मग छळ सुरू झाला. मंबाजीने तुमची गाय कोंडून मारली, आणि तिचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असं तू सांगतेस. कोंडाजीपंतांनी तुम्हाला जेवूखाऊ घातलं, तेही तू विसरली नाहीस. एक गोष्ट मात्र तुझ्यामुळे आम्हाला मिळाली जिची किंमत इतिहासकार जाणतात: तुकोबांना डोळ्यांनी पाहून त्याबद्दल लिहून ठेवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी, आणि त्यांत तू आहेस. देहूच्या देवळात आरती करताना उभे असलेले तुकोबा आम्ही तुझ्या डोळ्यांनी पाहतो. देहू-आळंदीच्या मुक्कामात तुला मुलगी झाली, काशी, आणि पुढे मुलगा, विठोबा.

आता तुझी तक्रार तुझ्याकडेच करते. पतिव्रतेच्या धर्मावर तू अभंगांमागून अभंग लिहिलेस. नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नये, तोच देव. वेणी धरून ओढलं गेलेल्या बाईने हे लिहावं, हे मला आजही गिळवत नाही. वाचणारे इथे दोन वाटांनी जातात. काहींना तेवढेच अभंग हवे असतात. ते तुला आदर्श गृहिणी करून भिंतीवर टांगतात, मार त्यांना आठवत नाही. काहींना फक्त वेद-पुराणांचा प्रश्न आणि वज्रसूची हवी असते. त्यांना तू बंडखोर हवी आहेस, आणि पतिव्रतेचे अभंग आले की ते पानं उलटतात. दोघांनीही तुला अर्धी कापली. १९२९ साली जस्टिन ॲबट नावाच्या अमेरिकी मिशनऱ्याने तुझी गाथा इंग्रजीत नेली. परक्या माणसाने ती निदान सगळी वाचली असं म्हणायला हरकत नाही.

मी काय करते? मी दोन्ही वाचते आणि बेचैन राहते. मुक्ताबाईला नवरा नव्हता. जनाबाई दासी, तिचा मालक नामदेव तिच्याच वाटेवरचा. सोयराबाईचा चोखोबा तिच्या बरोबरीने विठोबाला हाक मारणारा. मीराबाई महाल सोडून निघाली. तुझ्या वाट्याला विरोधातला नवरा आला आणि तू त्याला सोडलं नाहीस, विठोबाला सोडलं नाहीस. हे दोन्ही एका घरात नांदवणं किती अवघड होतं ते तूच लिहिलंस, म्हणून पतिव्रतेचे अभंग मला उपदेश वाटत नाहीत. तू स्वतःला बजावत होतीस असं वाटतं. जे पटकन पटतं ते माणूस इतक्या वेळा लिहीत नाही. हे माझं म्हणणं. चुकत असेन तर तुझ्या शिऊरच्या लोकांनी मला खडसवावं.

एक कबूल करायला हवं. तुझी श्रद्धा मला पूर्ण कळते असं नाही. मी आषाढी-कार्तिकीला हात जोडणारी, टीव्हीवर वारी बघणारी बाई. तुला श्रद्धा म्हणजे दुःखावरचं औषध नव्हती, कारण तिच्यामुळेच दुःख वाढलं. कीर्तनाला गेली नसतीस तर मार बसला नसता, स्वप्न पडलं नसतं तर नवरा रुसला नसता, देहूला गेली नसतीस तर मंबाजी भेटला नसता. प्रत्येक पायरीवर घरी बसण्याची सोय होती. विहिरीवरून पाणी आणणारी, गायीची धार काढणारी एक खेडवळ बाई, जिच्याकडे बंड करायला ना पैसा ना पाठिंबा, ती प्रत्येक वेळी जिथे त्रास आहे तिकडेच जाते. तू यासाठी मोठा शब्द कुठेच वापरत नाहीस. गावोगाव फिरून आलेली बाई पाण्याबद्दल सांगते तसं सांगतेस: इथलं गोड, तिथलं मचूळ.

पुढची पन्नास वर्षं तू भराभर उरकलीस. नवरा, मुलं, शिऊर. मधला काळ अभंगांत आहे, गोष्टीत नाही. आणि मग एकदम तो शेवट, १७०० सालचा. वय बहात्तर. मुलगा विठोबा बाहेरगावी होता, त्याच्या बायकोचं दिवसकार्य करायला गेलेला. तू त्याला पत्र पाठवलंस की ये, माझे दिवस भरले आहेत. तो आला. मरायला टेकलेली बाई मुलाला काय सांगते? शेताचं, देण्याघेण्याचं, दागिन्यांचं. तू त्याला मागचे बारा जन्म सांगायला बसलीस. एकामागून एक, कुठल्या गावी, कोणाच्या पोटी. हा तेरावा आणि शेवटचा, असं सांगून आश्विन शुद्ध प्रतिपदेला गेलीस. घरोघर घट बसत होते तो दिवस.

त्या बारा जन्मांवर माझा विश्वास आहे का, हे विचारू नकोस. पण अकरा वर्षांच्या वयात ज्या मुलीचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं होतं, तिने शेवटी स्वतःचा हिशेब बारा जन्म मागे नेऊन स्वतःच्या तोंडाने मांडला आणि लेकाला ऐकायला बसवलं, हे मला फार आवडतं.

तुला एक विचारायचं राहिलं. शिऊरला आल्यावर, वय झाल्यावर, तुझ्या नवऱ्याने तुझे ते कोल्हापूरचे अभंग कधी ऐकले का? वेदपाठी माणूस, पाठांतर पक्कं. एकदा कानावर पडलं की विसरणार नाही. तू म्हणत होतीस तेव्हा तो ओसरीवर होता का? काही बोलला का? गाथेत मला याचं उत्तर सापडलं नाही, आणि तिथीवार लिहून ठेवणाऱ्या तुझ्याकडून ते चुकून राहिलं असेल असं वाटत नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझी,
एक वाचक

ता. क. तुझं नाव काढलं की लोकांना आधी आठवतात त्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या आसोद्याच्या, १८८० ते १९५१. विद्यापीठालाही त्यांचं नाव आहे. त्यामुळे तुझ्याबद्दल बोलायचं तर 'त्या नव्हे, शिऊरच्या' अशी सुरुवात करावी लागते. याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्याही शेतातल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. तिशीत वैधव्य आलं, गाणी तोंडी रचली आणि मुलाने ती उतरवून ठेवली म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झालं. तुझा मुलगा विठोबा, त्यांचा सोपानदेव. आणि लेकीचं नाव दोघींच्याही घरी काशीच.